दिसली म्हणा

शुक्रवारी साडेआठला, क्रिकेट क्लबच्या मागच्या मैदानात.
औषधांच्या दुकानात मीच चिठ्ठी चिकटवलीय,
खोकल्याच्या गोळ्यांशेजारी:
तारे बघायला या. फुकट. टोपी आणा.

अकरा शुक्रवारांतले आठ ढगांनी खाल्ले.
एकदा फक्त कॅलम आला, आणि त्याला न्यायला त्याची आई.
आम्ही तिघांनी पाऊण तास
ढग कुठे पातळ आहे यावर चर्चा केली.

मला फार येतं असं समजू नका.
दुर्बीण धर्मादाय दुकानातली, आठ पौंडांची,
डाव्या डोळ्यात जरा तिरळी.
विजेरीला बांधलाय नाताळातल्या चॉकलेटचा लाल कागद,
म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिचकत नाहीत.
बाकी सगळं मुठींनी मोजते.
हात लांब केला की एक मूठ म्हणजे दहा अंश.
कऱ्हाडला आमच्या गच्चीवरून ध्रुव दीड मूठ वर असायचा,
पाण्याच्या टाकीला टेकलेला, शेजाऱ्यासारखा.
इथे ॲलनडेलला साडेपाच मुठी.
पहिल्या हिवाळ्यात मी त्याला खालीच शोधत राहिले,
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात
आपण मिठाची बरणी शोधतो तशी.

अगस्ती इथे उगवतच नाही.
त्याची भरपाई म्हणून शर्मिष्ठा कधी मावळत नाही.
हा सौदा मला अजून पटलेला नाही.

आज मात्र आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं.
पाच माणसं, एक कुत्रा.
मी सांगते: ते सात बघा, तुमचा नांगर.
आमच्याकडे ऋषी.
आणि माझ्या आत्याच्या गावात म्हातारीची बाज,
चार खुरांची, आणि ती पळवायला आलेले तीन चोर.
कॅलमला चोर आवडले.
म्हणाला, मग म्हातारी कुठाय?
चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

"ही काय इथे," मिसेस हेदरिंग्टन म्हणाल्या,
घडीच्या खुर्चीतून, गुडघ्यांवर घोंगडं.

वय एक्याऐंशी. जानेवारीत दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
थेंब माझ्याच दुकानातून नेतात.
म्हटलं, मधला चोर बघा. नीट. एकटाच आहे का?
त्या बघत राहिल्या.
कुत्रा बसला, उठला, परत बसला.
"दोन आहेत," त्या म्हणाल्या.
मग थोड्या रागावून,
"इतकी वर्षं दोन होते
आणि मला कोणी सांगितलं नाही?"

वसिष्ठ, आणि त्याला खेटून अरुंधती.

माझं लग्न दुपारी सव्वादोनला लागलं.
दुसरी पंगत ताटकळलेली, आचारी दारात उभा.
गुरुजींनी कार्यालयाच्या छताकडे बोट केलं:
ती बघा अरुंधती. दिसली म्हणा.
आम्ही म्हणालो, दिसली.
वर पंखा होता. त्याचं एक पातं वाकडं होतं.
तेवढं मात्र मला खरंच दिसलं.

सव्वानऊला श्रीरंग आला,
मी घरी विसरलेला थर्मास घेऊन,
पायजम्यावर कोट,
आणि चालू हीटिंग सोडून आल्याचं दुःख चेहऱ्यावर.
कधी येत नाही तो. आकाश त्याला थंड वाटतं.
झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला,
हनुवटी धरून मान वर केली.
मधला चोर, म्हटलं. त्याच्या खांद्याशी, बारीक.
मिसेस हेदरिंग्टन दुसऱ्या बाजूने काठीने दाखवत होत्या,
कालपासून त्यांच्या मालकीचा असल्यासारखा तो तारा.

श्रीरंगच्या चष्म्यावर चहाची वाफ.
"दिसली," तो म्हणाला,
अगदी त्याच आवाजात, सव्वीस वर्षांपूर्वीच्या.

चष्मा पूस, म्हटलं.
घाई नाही.
आज मागे पंगत थांबलेली नाही.